ऱ्ह कुठे अडकला? डिरेक्टरी सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये उतरून पाहताना

"बाळ, सकाळपासून आडनाव घालूलालोय, पण दाखवीना की." खानापूर शाखेतल्या एका ज्येष्ठ शिक्षकांचा फोन होता. रजेचा अर्ज भरायच्या पानावर त्यांनी आपलं आडनाव मराठीत टाइप केलं की पान म्हणायचं, असा कर्मचारी नाही. लॉगिन मात्र नीट होत होतं, मेल येत-जात होते, पगारही वेळेवर जमा होत होता. म्हणजे सर यादीत होतेही आणि नव्हतेही.

मी बेळगावात एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळतो. शाखा खानापूर, निपाणी, चिकोडी अशा पसरलेल्या. आमच्याकडे नावं तीन लिप्यांत ठेवावी लागतात, देवनागरी, कन्नड आणि रोमन. त्या सगळ्यांची एकच यादी डिरेक्टरी सर्व्हरवर असते. त्या दिवशी काय काय तपासलं ते सविस्तर लिहितोय. आपल्या भागातल्या कॉलेजांत, पतसंस्थांत, उद्यमबागेतल्या कारखान्यांत असे सर्व्हर चालवणारी आपलीच मुलं आहेत, आणि डेटाबेसची फाइल उघडून बघायला ती घाबरतात. बघायला घाबरू नये. न बघता दुरुस्ती करायला घाबरावं.

आधी थोडी ओळख. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीची मोठी बहीण. माणसं, त्यांचे पासवर्ड, विभाग, मेलचे पत्ते हे सगळं एका जागी, आणि बाकीची सॉफ्टवेअरं तिथे येऊन विचारतात, हा माणूस कोण. विचारायच्या भाषेला एलडॅप म्हणतात. ती १९९३ साली मिशिगन विद्यापीठात तयार झाली. तिच्या ठरलेल्या पोर्टचा, म्हणजे सर्व्हरवर आत यायच्या दाराचा, क्रमांक ३८९, आणि आम्ही जो सर्व्हर वापरतो त्याचं नावच ३८९ डिरेक्टरी सर्व्हर आहे. दुसरा प्रसिद्ध मुक्त सर्व्हर म्हणजे ओपनएलडॅप. दोघांच्याही पोटात एक साठवणीचा डेटाबेस असतो, आणि खरी माहिती तिथे असते. वरचा सर्व्हर फक्त तिथलं वाचून उत्तर देतो.

हे पोट कसं असतं ते समजायला आपल्याकडच्या जुन्या वाचनालयाइतकं चांगलं उदाहरण नाही. पुस्तक आलं की ते आधी दाखल नोंदवहीत चढतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुस्तकाचा सगळा तपशील त्या ओळीत. पण वाचक क्रमांक घेऊन येत नाही, तो लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव घेऊन येतो. म्हणून खणांत वेगळी कार्डं असतात, लेखकवार आणि नाववार, आणि प्रत्येक कार्डावर दाखल क्रमांक. कार्ड सापडलं नाही तर ग्रंथपाल म्हणतो, पुस्तक नाही. पुस्तक कदाचित त्याच्या पाठीमागच्याच कपाटात असेल.

३८९ सर्व्हरच्या डेटाबेसच्या फोल्डरमध्ये 'आयडी टू एंट्री' नावाची फाइल असते. ती दाखल नोंदवही. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक आणि त्यापुढे अख्खी नोंद. बाजूला प्रत्येक गुणधर्माची वेगळी फाइल, यूआयडीची म्हणजे लॉगिनच्या नावाची एक, सीएनची म्हणजे पूर्ण नावाची एक, एसएनची म्हणजे आडनावाची एक. ही कार्डांची खणं, म्हणजेच इंडेक्स. त्यांत नावं नसतात असं नाही, पण नोंद नसते. फक्त किल्ली आणि तिच्यासमोर नोंदींचे क्रमांक. आणखी एक फाइल कोण कोणाच्या खाली आहे हे सांगते, तिला 'एंट्री आरडीएन' म्हणतात.

तेव्हा सर्व्हर 'नाही' म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा खणाचं उत्तर असतं, नोंदवहीचं नव्हे. माझी सगळी तपासणी या एका वाक्याभोवती फिरली.

पहिली पायरी सर्व्हरलाच दोन वाटांनी विचारायची. एलडॅपसर्च या कमांडनं आडनावाची चौकशी केली, शून्य नोंदी. मग यूआयडीनं केली, सरांची अख्खी नोंद समोर आली आणि त्यातलं आडनाव उलगडून वाचलं (कसं ते पुढे सांगतो) तर ठळक 'कुऱ्हाडे'. हे खरं आडनाव नाही, पण सरांच्या आडनावातही असाच ऱ्ह होता, म्हणून समजण्यापुरतं हेच धरू. नोंद आहे, आडनाव आहे, आणि आडनावानं विचारलं तर नाही. कोणालाही वाटेल की खण बिघडला.

मलाही तसंच वाटलं, आणि इथे माझं चुकलं. मी सर्व्हर थांबवून आडनावाचा इंडेक्स नव्यानं बांधायची कमांड दिली. तिचं नाव डीबी-टू-इंडेक्स. ती सगळी नोंदवही पहिल्या पानापासून वाचते आणि कार्डं नव्यानं लिहिते. काम पूर्ण झालं, सर्व्हर सुरू केला, पुन्हा विचारलं. शून्य. खण बिघडलेलाच असता तर जुनी कार्डं जाऊन बिघाडाचा पुरावाही गेला असता, आणि तो का झाला ते कधीच कळलं नसतं. आधी प्रत काढायची, मग प्रत वाचायची, मग हात लावायचा. हा क्रम मी तेव्हापासून सोडलेला नाही.

प्रत काढताना एक काळजी घ्यावी. चालू सर्व्हरची फाइल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट क्षणाची असू शकते. आत्ताच केलेला बदल मेमरीत असतो आणि फाइलमध्ये उतरलेला नसतो. म्हणून एकतर सर्व्हर व्यवस्थित थांबवून फोल्डर कॉपी करावं, नाहीतर सर्व्हरच्याच बॅकअपच्या कमांडनं घ्यावं. मी दुपारच्या सुट्टीत दोन मिनिटं थांबवून घेतलं.

मनात दुसरा संशय विजेचा होता. खानापूरकडचा पावसाळा ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगायला नको. आठवड्याभरात तीनदा वीज गेली होती आणि एकदा यूपीएसनंही हात टेकले होते. आमचा तेव्हाचा डेटाबेस बर्कली डीबी होता. त्याची पद्धत अशी: बदल आधी एका रोजकीर्दीत लिहायचा, मग सवडीनं खतावणीत उतरवायचा. वीज गेली तर पुन्हा सुरू होताना सर्व्हर रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करतो, आणि आपल्या एरर लॉगमध्ये लिहून ठेवतो की मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, डेटाबेस सावरतो आहे. ती ओळ मला सापडली, पण तिच्यापुढे सावरणं पुरं झाल्याचंही दिसत होतं. तरीही डीबी-व्हेरिफाय चालवलं. ते फाइलची रचना तपासतं, पानं म्हणजे फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे एकमेकांशी जुळतात का, क्रम बरोबर आहे का ते बघतं. सगळं ठीक.

इथे एक गोष्ट कळवळून सांगतो. बर्कली डीबीच्या त्या रोजकीर्दीच्या फाइलींचं नाव 'लॉग' आणि पुढे दहा अंक असं असतं. डिस्क भरली की कोणीतरी लॉग हे नाव बघून त्या पुसून टाकतो, जणू जुन्या नोंदींचा कचरा आहे. तो कचरा नव्हे. अजून खतावणीत न उतरलेले बदल तिथेच असतात. त्या पुसल्या आणि त्याच दिवशी वीज गेली तर सावरायला काहीच उरत नाही. जुन्या झालेल्या फाइली सर्व्हर स्वतः काढतो. आपण हात लावू नये.

नंतर आम्ही जो नवा सर्व्हर आणला त्यात एलएमडीबी आहे, आणि विजेच्या बाबतीत तो मला फार आवडतो. हा डेटाबेस हॉवर्ड चू यांनी २०११ साली ओपनएलडॅपसाठी लिहिला. त्यात रोजकीर्दच नाही. चालू पानावर तो कधी खोडून लिहीत नाही. बदललेलं पान नव्या जागी लिहितो आणि शेवटी 'आता मूळ पान हे' एवढाच पत्ता बदलतो. तो पत्ता लिहायला सुरुवातीला दोन जागा आहेत आणि त्या आळीपाळीनं वापरल्या जातात. मध्येच वीज गेली तर नवा पत्ता लिहिलाच जात नाही, जुना शाबूत राहतो, आणि सुरू होताना सावरत बसावं लागत नाही. त्याची अडचण वेगळी असते. फाइल किती मोठी होऊ द्यायची हे आधी सांगावं लागतं, आणि ओपनएलडॅपमध्ये काही सांगितलं नाही तर मर्यादा १०४८५७६० बाइट, म्हणजे १० एमबी. ४०९६ बाइटांचं एक पान धरलं तर २५६० पानं झाली. ती संपली की लक्षण विचित्र दिसतं: शोध लागतो, लॉगिन होतं, पण नवा माणूस चढत नाही आणि पासवर्ड बदलत नाही. एमडीबी-स्टॅट कमांडला ई हा पर्याय दिला की एकूण मर्यादा आणि वापरलेली पानं समोर येतात, भागाकार आपण करायचा. आर पर्याय दिला की कोण वाचत बसलंय ते दिसतं. एखादा वाचक अडकून राहिला तर त्याच्यासाठी जुनी पानं राखून ठेवावी लागतात आणि फाइल उगाच फुगत जाते.

परत सरांच्या नावाकडे.

तिसरा संशय मी आमच्याच लोकांवर घेतला. सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच असतो. कोणीतरी सेटिंगमध्ये लिहितो की यापुढे आडनावाचा इंडेक्स ठेवा, सर्व्हर बंद करून चालू करतो आणि समाधान मानतो. पण जुन्या नोंदींची कार्डं कोणी लिहिलेलीच नसतात. त्या दिवसानंतर चढलेली माणसं सापडतात, आधीची सापडत नाहीत. जुने शिक्षक गायब आणि नवे हजर असा नमुना दिसला की हेच समजावं. ओपनएलडॅपमध्ये यावर स्लॅपइंडेक्स चालवतात, तेही सर्व्हर बंद ठेवून, आणि सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो त्याच नावानं. रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन चालवलं तर नव्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि मग सर्व्हरला त्या उघडताच येत नाहीत. आमच्या बाबतीत मात्र इंडेक्स नुकताच पुरा बांधून झाला होता. हा संशय टिकला नाही.

मग मी ती कमांड काढली जी पहिल्यांदाच काढायला हवी होती. तिचं नाव डीबीस्कॅन. ती काही बदलत नाही, फक्त फाइल वाचून दाखवते. एफ पर्यायापुढे फाइलचं नाव द्यायचं. आयडी टू एंट्री दिली आणि मोठ्या के पर्यायापुढे नोंदीचा क्रमांक दिला की तेवढीच नोंद दिसते. सरांचा क्रमांक ४१२. इंडेक्सची फाइल दिली आणि आर पर्याय जोडला की प्रत्येक किल्ली आणि तिच्यासमोरचे क्रमांक दिसतात.

किल्लीच्या आधी एक चिन्ह असतं. बरोबरचं चिन्ह म्हणजे पूर्ण शब्द जुळायला हवा. अधिकचं चिन्ह म्हणजे हा गुणधर्म आहे एवढंच. तारांकित किल्ल्या म्हणजे शब्दाचे तुकडे, आणि हे तुकडे मराठीत कसे पडतात ते बघण्यासारखं आहे. सर्व्हर शब्दाचे छोटे-छोटे तुकडे करतो, पण त्याचं अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी त्याला स्वतंत्र अक्षरं. 'बेळगाव' म्हणजे ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा. सुरुवातीला एक खूण, शेवटी एक खूण, आणि मध्ये सरकत जाणारे तुकडे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर शहराचं नाव बेळगावी झालं, त्यामुळे आमच्या यादीत पत्त्याच्या रकान्यात दोन्ही रूपं आहेत. पूर्ण शब्दानं शोधलं तर एकच गट येतो, 'बेळगावपासून सुरू होणारे' असं शोधलं तर दोन्ही. कारण 'बेळगाव'चे मधले सगळे तुकडे दोन्ही नावांत आहेत, फरक फक्त शेवटाला.

याच विचारानं मला वाट दाखवली. मी पूर्ण आडनाव सोडून तुकड्यांनी विचारलं. 'कु'पासून सुरू होणारे, सर आले. 'हाडे'नं संपणारे, सर आले. पण 'कुऱ्हा'पासून म्हटलं की गायब. सुरुवात जुळते, शेवट जुळतो, मधला ऱ्ह जुळत नाही. पडद्यावर दोन्हीकडे तोच ऱ्ह, तीच ती चंद्रकोरीसारखी रेघ.

आता डोळ्यांवर विसंबून चालणार नव्हतं, बाइट मोजायचे होते. नोंद फाइलमधून काढली की देवनागरी नाव थेट दिसत नाही. गुणधर्माच्या नावापुढे एकाऐवजी दोन अपूर्णविराम येतात आणि पुढे रोमन अक्षरांची निरर्थक वाटणारी माळ. दोन अपूर्णविराम म्हणजे पुढचा मजकूर बेस-६४ मध्ये गुंडाळलाय. पुष्कळांना वाटतं डेटा खराब झाला. खराब नाही, फक्त घडी घातलेली आहे. बेस-६४ कमांडला डी पर्याय देऊन ती उलगडायची आणि डब्ल्यूसी कमांडला सी पर्याय देऊन बाइट मोजायचे.

सरांनी पानावर टाइप केलेलं आडनाव २४ बाइटांचं निघालं. नोंदवहीतलं २७ बाइटांचं.

देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट लागतात. म्हणजे नोंदवहीत एक चिन्ह जास्त, आणि ते डोळ्यांना न दिसणारं. बाइट एकेक करून दाखवणाऱ्या हेक्सडंप कमांडनं उलगडून पाहिलं. सरांच्या फोननं लिहिलं होतं ऱ आणि हलन्त, म्हणजे ई० ए४ बी१ आणि ई० ए५ ८डी. नोंदवहीत होता साधा र, ई० ए४ बी०, मग हलन्त, आणि मग ई२ ८० ८डी. हा शेवटचा म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. त्याला जागा नाही, आकार नाही. तो फक्त सांगतो की मागच्या र चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊ नका, इथेच अर्धा ठेवा.

दोन्ही वाटांनी पडद्यावर एकच आकार येतो, आणि दोन्ही वाटा अधिकृत आहेत. ऱ वापरणं ही युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाची, आजची वाट, आणि जोडकाची वाट २.० या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब असं लिहिलं असतं तर युनिकोडच्या नियमानं त्याचा ऱ झाला असता. पण हलन्त आणि जोडक असलेला र आणि ऱ यांना तो नियम एक मानत नाही. आमची जुनी माहिती कित्येक वर्षांपूर्वी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आली होती, तिथे कीबोर्ड वेगळा होता.

यंत्रानं ताठरपणा केला असं मला वाटत नाही. मराठीत आचार्यांना बोलवणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलवणं वेगळं, हे आपण शाळेत शिकतो. तो जोडक सरसकट पुसून टाकला तर दऱ्यांचा दर्या होईल आणि सरांचं आडनाव रफारानं लिहिलं जाईल. म्हणून पुसायचा नाही, जिथे र, हलन्त, जोडक असा क्रम आहे तिथे ऱ आणि हलन्त घालायचा.

दुरुस्ती डेटाबेसच्या फाइलमध्ये कधीच करायची नाही. ती फाइल फक्त वाचायची. बदल एलडॅपमॉडिफायनं, समोरच्या दारानं करायचा, म्हणजे नोंदवही आणि सगळी खणं सर्व्हर स्वतः जुळवून घेतो. आडनावाला एकाहून जास्त मूल्यं ठेवता येतात, म्हणून मी नवं रूप घातलं आणि जुनंही राहू दिलं, कारण कोणत्या जुन्या सॉफ्टवेअरला ते लागत असेल कोण जाणे. सर्व्हर थांबवून पुन्हा प्रत काढली आणि डीबीस्कॅननं आडनावाची फाइल पाहिली. बरोबरच्या चिन्हाच्या दोन वेगळ्या किल्ल्या होत्या आणि दोघींसमोर ४१२.

मग अख्खी नोंदवही उलगडून त्यात हलन्तामागोमाग येणारा जोडक शोधला. निपाणी आणि चिकोडी शाखांत मिळून आणखी सहा जण निघाले. त्यातल्या एकीही बाईंनी किंवा सरांनी कधी तक्रार केली नव्हती. विचारलं तर कळलं की ते सगळे रजेचा अर्ज कागदावर लिहून द्यायचे, पान आपल्याला घेत नाही असं धरून चालले होते. रजेच्या पानावर आणि नवा माणूस चढवायच्या फॉर्मवर आता मी तो क्रम आधीच बदलून घेतो. कन्नड नावांतही असा जोडक कुठे लपलाय का ते बघायचं काम सध्या चालू आहे. त्यासाठी शेजारच्या टेबलावरचे कन्नड शिक्षक माझ्याबरोबर बसतात, कारण कन्नडात कुठला जोडक अर्थाचा आणि कुठला चुकून आलेला हे त्यांनाच ठरवता येईल.

सरांना संध्याकाळी फोन केला. पलीकडे थोडा वेळ नुसती बोटांची टकटक ऐकू आली, मग आवाज आला, "हां, आता दाखवूलालंय बघ."